टायपिंगवाल्यांच्या शॉर्टकटबद्दल पण लिहा

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्यावर तुमच्या पेपरात लेख आला होता, जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं असा. लेख चांगला होता, मशीन भंगारात घालायच्या आधी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकून बघा असं त्यात लिहिलेलं ते तर मला फार पटलं. पण शेवटाला एक वाक्य आलं की ज्यांचं दिवसभर टायपिंगचं काम आहे त्यांनी लिनक्सच्या नादाला लागू नये कारण तिथं शॉर्टकट वगैरे सोयी नाहीत. हे वाचून मला गप्प बसवेना. कोल्हापुरात सव्वीस वर्षं मी डीटीपी आणि टायपिंगचं दुकान चालवतोय, त्यातली मागची सहा वर्षं सगळं दुकान लिनक्सवर आहे आणि शॉर्टकट नसते तर हे दुकान कधीच बंद पडलं असतं, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा ही विनंती.

लिनक्सवर मी हौसेनं आलो नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरलं तेव्हा आमचं दुकान शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ होतं, तिन्ही मशीनं पाण्यात गेली, प्रिंटर गेला, पार्टीचे छापलेले लग्नपत्रिकांचे गठ्ठे गेले. मग राजारामपुरीत वरच्या अंगाला गाळा घेतला आणि सेकंडहँड मशीनं आणली, त्यावर लायसन घ्यायला पैसे नव्हते म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून दिलं. पहिले पंधरा दिवस मी वैतागलो होतो, पण एकदा हात बसला तसा मागं वळून बघितलं नाही.

आता शॉर्टकटचं सांगतो. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही हे सगळ्यांना माहीत आहे, ते त्या त्या प्रोग्रॅमचे असतात, म्हणजे रायटर (वर्डसारखा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम) समोर असला तर रायटर ते ऐकतो, ब्राउझर समोर असला तर ब्राउझर ऐकतो. ग्लोबल शॉर्टकट म्हणजे समोर काय पण उघडं असू दे, बटण दाबलं की आपण सांगितलेलं काम झालंच पाहिजे. आमच्या धंद्यात हाच शॉर्टकट लागतो. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, संमतीपत्र, नावात बदल, हे दिवसाला तीस-चाळीस होतात आणि प्रत्येकात अर्धा मजकूर तोच असतो. "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" पासनं खालच्या सहीच्या जागेपर्यंत. तो दर वेळी जुनी फाईल शोधून, माउसनं सिलेक्ट करून, कॉपी करून आणायचा म्हटलं तर एका कागदाला दहा-बारा वेळा हात माउसवर जातो. माझं उजवं मनगट त्यानंच गेलं, रात्री मुंग्या यायच्या, डॉक्टरांनी सांगितलं माउस कमी करा नाहीतर पुढं ऑपरेशनचं बघावं लागेल. माउस कमी करा म्हणजे काय करा हे मला लिनक्सवर कळलं.

मिंटवर मी एक्सबाइंडकीज नावाची छोटी युटिलिटी वापरायचो. तिला खिडकी नाही, मेनू नाही, मागं गप्प बसून असते. आपल्या होम फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल असते, त्यात एका ओळीत कोटेशनमध्ये कमांड लिहायची आणि खालच्या ओळीत बटणं लिहायची, कंट्रोल अधिक ऑल्ट अधिक एक, झालं. बटणाचं नाव माहीत नसेल तर तीच युटिलिटी पुढं "--key" लावून चालवायची, एक पांढरी खिडकी येते, बटण दाबलं की नाव आणि नंबर दोन्ही सांगते. हा नंबर मराठीवाल्यांच्या फार कामाचा आहे. आम्ही इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या सरकारी कीबोर्ड मांडणीवर, टायपिंग करतो, त्यात इंग्रजी के च्या जागेवर क येतो, त्यामुळं कीबोर्ड मराठीवर असताना "के" नावानं लावलेला शॉर्टकट काही ठिकाणी ओळखूच येत नाही कारण आता त्या बटणाचं नाव क झालेलं असतं. पण बटणाचा नंबर भाषा बदलली म्हणून बदलत नाही, माझ्या मिंटवर के चा नंबर ४५ तो ४५ च. मी सगळे शॉर्टकट नंबरावर लावले आणि तो त्रास संपला. अजून एक, उजव्या ऑल्टला हात लावू नका, रुपयाचं चिन्ह आणि इन्स्क्रिप्टची बाकीची ज्यादा अक्षरं त्यावरच येतात, शॉर्टकट डाव्या ऑल्टवरच ठेवा.

प्रत्येक मजकुराची मी वेगळी फाईल केली होती. शॉर्टकट दाबला की एक्सक्लिप नावाचा प्रोग्रॅम ती फाईल क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं असतं त्या जागी) घ्यायचा आणि एक्सडूटूल नावाचा दुसरा कंट्रोल व्ही दाबायचा, म्हणजे परिच्छेद जागच्या जागी हजर. पहिल्यांदा चालेना, कारण माझी बोटं अजून कंट्रोल ऑल्टवरच असायची, त्यामुळं समोरच्या प्रोग्रॅमला कंट्रोल ऑल्ट व्ही जायचं. क्लिअरमॉडिफायर्स म्हणून एक ऑप्शन आहे तो लावल्यावर सुरळीत झालं. फायदा काय झाला बघा, १ जुलै २०२४ पासनं भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, प्रतिज्ञापत्राच्या खाली आम्ही खोटं निघाल्यास कलम १९३, १९९, २०० लिहायचो ते आता २२९, २३६, २३७ झालं. बाकीच्या दुकानात महिनाभर जुनी कलमं जात होती, पार्टी परत यायची, स्टॅम्प पेपर वाया जायचा. मी आदल्या रात्री एका फाईलीत तीन आकडे बदलले आणि सकाळपासनं प्रत्येक कागद बरोबर निघाला.

आता अडचण कुठं आली ते सांगतो, कारण तुमच्या लेखकाला लिनक्सवर शॉर्टकट नाहीत असं का वाटलं असेल याचा मला अंदाज आहे. मागच्या ऑगस्टमध्ये, २०२५ ला, हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याकडं सुरू झालं. इतक्या वर्षांची मागणी, सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं, आनंद झालाच आणि आम्हा टायपिंगवाल्यांचं काम पण वाढलं. म्हणून अजून एक सेकंडहँड मशीन घेतलं आणि त्यावर उबंटू २४.०४, हा लिनक्सचाच दुसरा प्रकार, टाकलं. माझी जुनी सगळी फाईल तशीच्या तशी तिकडं नेली, एक्सबाइंडकीज बसवलं, आणि शॉर्टकट कधी चालायचा कधी नाही. एक जुना पीडीएफचा प्रोग्रॅम समोर असला की चालायचा, रायटर समोर आला की बंद. मी म्हटलं कीबोर्डच खराब असणार, नवीन कीबोर्ड आणला, तरी तेच. दोन दिवस हातानं काम केलं आणि मनगट परत सुजलं. भाचा पुण्याला असतो, त्याला फोन लावला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, मामा लॉगिन करताना खाली कोपऱ्यात चाकाचं चित्र आहे तिथं काय लिहिलंय? तिथं नुसतं उबंटू होतं आणि दुसरं उबंटू ऑन झॉर्ग. सगळं त्यातच होतं.

त्यानं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. लिनक्सवर स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारा एक जुना कारभारी आहे, एक्स. लॉगिनला झॉर्ग लिहिलेलं होतं तो हाच. त्याची अकरावी आवृत्ती १९८७ ला अमेरिकेत एमआयटीत निघाली म्हणून एक्स इलेव्हन म्हणतात, ती आजपण चालू आहे. या एक्सला कुठल्याही प्रोग्रॅमनं जाऊन सांगायचं की हे बटण माझ्या नावावर कर, याला ग्रॅब म्हणतात, मग ते बटण दाबलं की एक्स फक्त त्यालाच कळवतो. एकानं ग्रॅब केलं की दुसऱ्याला ते मिळत नाही, एरर येतो. आणि नमलॉक, कॅप्सलॉक हे पण एक्सला शिफ्टसारखेच वाटतात, त्यामुळं युटिलिटी लिहिणाऱ्याला एकच शॉर्टकट नमलॉकसकट, नमलॉकशिवाय असा चार-चार वेळा मागावा लागतो. ज्या युटिलिटीत हे केलेलं नसतं तिथं नमलॉक लागलं की शॉर्टकट मुका होतो. एक्सबाइंडकीज, एसएक्सएचकेडी या सगळ्या युटिलिटी या ग्रॅबवर उभ्या आहेत.

२००८ ला वेलँड म्हणून नवीन पद्धत सुरू झाली आणि आता बहुतेक मोठ्या लिनक्सवर तीच आपोआप लागते. लॉगिनला नुसतं उबंटू होतं ते हेच. वेलँडमध्ये बटण फक्त समोरच्या खिडकीला कळतं, मागं बसलेल्या प्रोग्रॅमला काहीच ऐकू येत नाही. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून आत एक एक्सचा छोटा तुकडा ठेवलेला असतो, तो जुना पीडीएफचा प्रोग्रॅम त्यात चालत होता, म्हणून तो समोर असताना एक्सबाइंडकीजला ऐकू यायचं. रायटर वेलँडवर, तिथं नाही.

पहिल्यांदा मला राग आला, चांगलं चाललेलं का मोडायचं. मग भाच्यानं जुन्या मशीनवर मला एक गोष्ट करून दाखवली ती मी विसरणार नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक्सइनपुटची एक कमांड टाकली, ती खिडकी बारीक करून ठेवली आणि मला म्हणाला आता दुसऱ्या खिडकीत काहीपण टाइप करा. मी टाइप केलं आणि परत टर्मिनल उघडलं तर मी दाबलेलं एक ना एक बटण नंबरानं तिथं लिहिलेलं. पासवर्ड नको, परवानगी नको, काही नको. आमच्या दुकानात लोकं येऊन फॉर्म भरतात, बँकेत लॉगिन करतात, आधारचा ओटीपी टाकतात. एक्सवर कुठलाही प्रोग्रॅम हे सगळं गुपचूप ऐकू शकतो हे मला सहा वर्षं माहीतच नव्हतं. मला त्या दिवशी घाम फुटला. लोकं विश्वासानं कीबोर्डवर हात ठेवतात आणि तो विश्वास सांभाळायची जबाबदारी दुकानदाराची असते, म्हणून झॉर्ग निवडून जुनं चालू ठेवायचा सोपा रस्ता मी सोडला आणि वेलँडवरच राहायचं ठरवलं.

वेलँडवर ग्लोबल शॉर्टकट होतात, फक्त मागायची जागा बदललीय. बटणं आता डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनू सांभाळणारा प्रोग्रॅम, स्वतःच ऐकतो म्हणून डेस्कटॉपलाच सांगायचं. उबंटूत सेटिंग्ज, कीबोर्ड, मग शॉर्टकट बघा आणि बदला, सगळ्यात खाली कस्टम शॉर्टकट. तिथं नाव, कमांड आणि बटणं द्यायची. केडीई, एक्सएफसीई हे दुसरे डेस्कटॉप, त्यात आणि मिंटमध्ये पण सेटिंगमध्ये अशीच जागा आहे. यात दोन ठिकाणी माझा एक अख्खा दिवस गेला, तो दुसऱ्या कुणाचा जाऊ नये म्हणून लिहितोय. त्या कमांडच्या चौकटीत शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या खुणा समजून घेणारा प्रोग्रॅम, नसतो, त्यामुळं फाईल आत घ्यायचा बाण किंवा होम फोल्डरची नागमोडी खूण तिथं चालत नाही. छोटी स्क्रिप्ट फाईल करायची, तिला चालवायची परवानगी द्यायची आणि चौकटीत तिचा पूर्ण पत्ता लिहायचा, स्लॅश होम पासनं. दुसरं म्हणजे बटणं जपून निवडा, कंट्रोल ऑल्ट टी नं टर्मिनल उघडतो, कंट्रोल ऑल्ट आणि वरची एफ ची बटणं दाबली तर स्क्रीनच बदलून काळी होते आणि माणूस घाबरतो, विंडोजच्या बटणाला इथं सुपर म्हणतात त्याच्याबरोबर एक ते नऊ आकडे उबंटूनं डावीकडच्या पट्टीला दिलेत. कंट्रोल ऑल्ट आणि आकडे मोकळे असतात, मी तेच वापरतो.

एक्सडूटूल मात्र वेलँडच्या प्रोग्रॅमवर चालत नाही, एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या खिडकीत बटणं दाबायची हे पण बंद झालंय. वायडूटूल नावाचं दुसरं आहे, ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाजूनं बटणं पाठवतं, पण ते बटणं पाठवतं अक्षरं नाही, त्यामुळं मराठी मजकुराला त्याचा थेट उपयोग होईना. शेवटी मी सोपं केलं. वेलँडचं क्लिपबोर्डचं पॅकेज मिळतं त्यातलं डब्ल्यूएलकॉपी माझ्या स्क्रिप्टमध्ये घातलं, शॉर्टकट दाबला की परिच्छेद क्लिपबोर्डवर येतो आणि कंट्रोल व्ही मी हातानं दाबतो. एक दाब जास्त, पण माउसला हात नाही.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आमच्या दुकानात गेली चार वर्षं एक पोरगी टायपिंग करते, लहानपणीच्या आजारानं तिचा डावा हात चालत नाही. एका हातानं तिचा स्पीड बघून लोकं थांबतात, पण कंट्रोल, ऑल्ट आणि आकडा एकदम दाबायचं म्हणजे तिला जमत नव्हतं. स्टिकी कीज चालू केलं, त्यात बटणं एकापाठोपाठ एक दाबली तरी चालतात, पण दिवसात शंभर वेळा तीन-तीन बटणं म्हणजे तिचा हात पण माझ्यासारखाच जाणार. मग भाच्यानं कीडी नावाची युटिलिटी सोर्सवरनं, म्हणजे तिच्या मूळ कोडवरनं, बसवून दिली. ही एक्सच्या पण खाली आणि वेलँडच्या पण खाली बसते, कर्नलमधनं येणारं बटण तिथंच बदलून वर पाठवते, त्यामुळं वर काय चालू आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. साध्या आकड्यांचा यूएसबी कीपॅड मिळतो ना, हिशोबवाले वापरतात तो, तो लक्ष्मीपुरीतनं आणला. कीडी मॉनिटर चालवलं की त्या कीपॅडचा आयडी कळतो, तो सेटिंगच्या फाईलीत लिहिला की बदल फक्त त्या कीपॅडलाच लागू, मोठ्या कीबोर्डला धक्का नाही. आता त्या कीपॅडवरचं एक दाबलं की खाली कंट्रोल ऑल्ट एक जातं आणि वरनं डेस्कटॉप प्रतिज्ञापत्राचा मजकूर आणून ठेवतो. प्रत्येक बटणावर तिनं स्टिकर लावलेत, भाडेकरार, संमतीपत्र, नावबदल, सही. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, काका आज हात दुखला नाही. मला अजून काय पाहिजे सांगा.

कीडीबद्दल एक जपून सांगायला पाहिजे, ती रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या पूर्ण, हक्कानं चालते आणि सगळी बटणं तिच्या हाताखालनं जातात. जी गोष्ट वेलँडनं प्रोग्रॅमच्या हातातनं काढून घेतली तीच आपण हिला देतोय. म्हणून ती मूळ ठिकाणावरनंच घ्यायची, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली घालायची नाही. याच्यावरचा नीट उपाय पण निघालाय, त्याला ग्लोबल शॉर्टकट पोर्टल म्हणतात. त्यात प्रोग्रॅम डेस्कटॉपला विचारतो की मला या कामाला एक बटण पाहिजे, डेस्कटॉप आपल्याला विचारतो, कुठलं बटण द्यायचं हे आपण ठरवतो, आणि बटण दाबल्यावर प्रोग्रॅमला फक्त दाबलं, सोडलं एवढंच कळतं, बाकी कीबोर्डवर काय चाललंय ते कळत नाही. केडीई प्लाझ्मात हे २०२३ च्या ५.२७ पासनं आहे, उबंटूचा डेस्कटॉप ग्नोम, त्यात मार्च २०२५ च्या ४८ पासनं. माझ्या उबंटूत ग्नोम ४६ आहे म्हणून मला मिळालं नाही, पण पुढच्या वेळी मशीनवर नवीन घालीन तेव्हा मी तेच वापरणार, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पण आता जुना ग्रॅब सोडून हेच वापरावं असं मला मनापासनं वाटतं.

साहेब, हे सगळं मला इंग्रजीत वाचायला लागलं, तेपण भाच्याला दहा फोन करून. कोल्हापुरात कोर्टाबाहेर, तहसीलबाहेर, पेठापेठांत किती टायपिंगवाले आहेत, त्यातल्या कितीजणांची मनगटं गेलीत ते आम्ही एकमेकांच्या बँडेजवरनं बघतोच. त्यातल्या बऱ्याच जणांकडं विंडोज दहाचीच मशीनं आहेत आणि ती अकरा घेत नाहीत. तुमच्या लेखातलं ते एक वाक्य वाचून त्यातला एखादा माणूस कर्ज काढून नवीन मशीन घेईल. म्हणून माझी विनंती आहे की ते वाक्य दुरुस्त करा आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या सदरात शॉर्टकटवर एक पूर्ण लेख द्या, चित्रांसकट, मराठी कीबोर्ड धरून, एक्सवर कसं आणि वेलँडवर कसं. लिहिणाऱ्यांना दुकानात यायचं असेल तर कधीपण यावं, दुपारी दोननंतर गर्दी कमी असते, माझी सेटिंगची फाईल आणि स्क्रिप्टा मी कॉपी करून देतो, आणि तो स्टिकरवाला कीपॅड आमची पोरगी स्वतः चालवून दाखवील.

आपला नियमित वाचक,
एक डीटीपीवाला,
राजारामपुरी, कोल्हापूर